आधी शिरस्तेदार शोधा

प्रश्न असा आला आहे: "मी मुंबईत दंडाधिकारी न्यायालयात बारा वर्षं सहायक सरकारी अभियोक्ता आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांमध्ये कायद्याच्या राज्याची जबाबदारी सांभाळणारं उपप्रमुखाचं पद असतं, त्याबद्दल वाचलं. तो माणूस नेमकं करतो काय? निकाल देतो, कायदे लिहितो, की नुसत्या बैठका घेतो? आणि आपल्याकडच्या फौजदारी वकिलाला तिथवर पोचता येतं का?"

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मुंबईच्या किल्ला कोर्टात नऊ वर्षं वकिली केली. मग स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेतल्या एका मोहिमेत वर्षभरासाठी गेलो आणि चौदा वर्षांनी परत आलो. शेवटी न्याय आणि कारागृह विभागाचा प्रमुख होतो. तुम्ही विचारता त्या पदावर मी कधीच नव्हतो, पण त्या पदावरच्या तिघांच्या हाताखाली काम केलं. त्यातल्या एक बाई अव्वल होत्या, एक गृहस्थ बरे होते, तिसऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

आपल्याकडे 'कायद्याचं राज्य' म्हटलं की रामशास्त्री प्रभुणे आठवतात. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. शाळेत ही गोष्ट ऐकताना छाती फुगते. पण मोहिमेत काही वर्षं काढल्यावर मला तिची दुसरी बाजू दिसायला लागली. तो निकाल अमलात आणणारं कोणी नव्हतं. न्यायाधीश होता, निकाल होता. पण मागे ना फौजदार, ना बंदीखाना, ना त्याचा पगार काढणारा फडणीस. तुम्ही विचारता ते पद या रिकाम्या जागेसाठी आहे. रामशास्त्री त्या देशातच असतात, बहुतेक वेळा बरेच असतात. त्यांच्या निकालाला हातपाय फुटावेत एवढीच व्यवस्था बाहेरच्या माणसानं करायची असते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: निकाल देत नाही, कायदे लिहीत नाही, बैठका मात्र भरपूर.

निकाल देण्याचे प्रयोग झाले होते, आणि ते माहीत असावेत. १९९९ साली कोसोव्हो आणि पूर्व तिमोर या दोन ठिकाणी संयुक्त राष्ट्रांनी सल्ला देण्यावर न थांबता राज्यकारभारच हातात घेतला. कोसोव्होत पहिला पेच असा, की लागू कायदा कोणता? मोहिमेनं सुरुवातीला जाहीर केलं की २४ मार्च १९९९ पूर्वी जो होता तोच. तिथल्या अल्बेनियन वंशाच्या न्यायाधीशांनी साफ नकार दिला, कारण १९८९ मध्ये स्वायत्तता काढून घेतल्यावर लादलेले सर्बियाचे कायदे त्यांच्या लेखी अत्याचाराचीच हत्यारं होती. शेवटी डिसेंबरमध्ये मोहिमेला माघार घेऊन २२ मार्च १९८९ ची तारीख धरावी लागली. म्हणजे मधले पाच-सहा महिने अटक कोणत्या कलमाखाली करायची याचाच घोळ. पुढे न्यायालयात वांशिक पक्षपात दिसू लागला तेव्हा २००० पासून परदेशी न्यायाधीश आणि अभियोक्ते नेमले गेले.

पूर्व तिमोरची गोष्ट मी प्रशिक्षणात नेहमी सांगायचो. इंडोनेशियाच्या राजवटीत एकही तिमोरी माणूस न्यायाधीश किंवा सरकारी वकील झालेला नव्हता. सैन्य निघून गेलं तेव्हा कोर्टाच्या इमारती जळालेल्या, दप्तर गेलेलं, कायदा शिकलेली माणसं डोंगरात किंवा सीमेपलीकडे. मग विमानातून पत्रकं टाकली: कायद्याची पदवी असेल तर येऊन भेटा. अशी सुमारे साठ माणसं सापडली, आणि जानेवारी २००० मध्ये त्यांतले पहिले न्यायाधीश व अभियोक्ते शपथ घेऊन कामाला लागले. शिकलेले इंडोनेशियन भाषेत, आरोपी बोलणार स्थानिक तेतुम, वरचे साहेब इंग्रजी, आणि स्वतंत्र देशाच्या राजभाषा ठरल्या तेतुम आणि पोर्तुगीज. दुभाष्याशिवाय साधी तारीखसुद्धा पडत नव्हती.

या दोन अनुभवांतून वरिष्ठांनी धडा घेतला. शांतिमोहिमांबद्दलच्या २००० सालच्या ब्राहिमी अहवालानं सांगितलं की पोलीस, न्यायालय, तुरुंग आणि मानवाधिकार यांचे तज्ज्ञ एकत्र काम करायला हवेत. तोवर पोलीस एकीकडे, कायदेवाले दुसरीकडे, आणि तुरुंग कोणाच्याच खात्यात नाही, असा प्रकार होता. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या मुख्यालयात यासाठी वेगळं कार्यालय निघालं. पोलीस, न्याय व कारागृह, भूसुरुंग निर्मूलन, लढवय्यांचं नि:शस्त्रीकरण आणि सुरक्षा यंत्रणांची सुधारणा असा सगळा कारभार त्याच्याकडे. त्याचा प्रमुख सहायक महासचिव दर्जाचा. पहिले दिमित्री तितोव, मग २०१७ मध्ये अलेक्झांडर झुएव आले. दोघेही रशियाचे. हा योगायोग मानायचा असेल तर माना. वरच्या खुर्च्या कशा वाटल्या जातात त्याकडे पुढे येतोच.

हे झालं मुख्यालय. तुम्ही विचारता ते पद मैदानावरचं. मोठ्या मोहिमेच्या शिखरावर महासचिवांचा विशेष प्रतिनिधी असतो, त्याच्या हाताखाली सहसा दोन उपप्रतिनिधी. एकाकडे मदतकार्य आणि विकास, दुसऱ्याकडे राजकारण किंवा कायद्याचं राज्य. लायबेरियात २००७ पासून घानाच्या कायद्याच्या प्राध्यापक हेन्रिएटा मेन्सा-बॉन्सू या पदावर होत्या. कांगोत २००८ ते २०१२ लैला झरुगी. झरुगीबाईंचा प्रवास बघण्यासारखा आहे: अल्जीरियात बालन्यायालयाच्या न्यायाधीश म्हणून सुरुवात, मग कांगोत उपप्रतिनिधी, मग सशस्त्र संघर्षातल्या मुलांसाठी महासचिवांच्या विशेष प्रतिनिधी, आणि २०१८ मध्ये त्याच कांगो मोहिमेच्या प्रमुख. बालन्यायालयातून तिथवर पोचता येतं, एवढं लक्षात ठेवा.

आता कामाबद्दल. यासाठी तुम्हाला आफ्रिकेत जायची गरज नाही. आर्थर रोडच्या फाटकापाशी सकाळी साडेदहाला उभ्या राहा. मंजूर क्षमता हजाराच्या आत आणि आत तीन हजारांच्या वर माणसं, असा हिशेब तिथे वर्षानुवर्षं चालत आला. बहुतेक सगळे कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेले. कोर्टात तुम्ही उभ्या आहात, साहेब बसलेत, साक्षीदार आलाय, आणि रोजनाम्यात काय लिहिलं जातं? "आरोपी हजर नाही, पोलीस पार्टी उपलब्ध नाही." पुढची तारीख. यात न्यायाधीश वाईट नाही, कायदा वाईट नाही, तुम्ही तर नाहीच नाही. गाडी आली नाही. बारा वर्षांत हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलं असेल? कायद्याचं राज्य बहुतेक वेळा असंच पडतं. आवाजसुद्धा होत नाही.

माझ्या एका नेमणुकीत (देशाचं नाव घेत नाही) प्रांताच्या ठिकाणी तुरुंग पाहायला गेलो. आत तीनशेच्या आसपास माणसं. दप्तर म्हणजे एकच जाड वही, तिचा उजवा खालचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. दाखल झाल्याची तारीख शाबूत, पण 'पुढची तारीख' हा रकाना नेमका त्या कोपऱ्यात. कारकून माझ्यासारखाच जाड भिंगाचा चष्मा लावणारा. त्याला विचारलं, काय हवं? म्हणाला, रेघा मारलेल्या वह्या, आणि कोर्टापर्यंत जायला काहीतरी. मी उत्साहात होतो. वह्यांबरोबर प्रांतातल्या कोर्टांना आणि तुरुंगांना आठ मोटरसायकली मिळवून दिल्या, फोटो निघाले, तिमाही अहवालात परिच्छेद आला. सहा महिन्यांनी गेलो तर दोन मोटरसायकली भाड्यानं धावत होत्या, एक वरिष्ठाच्या पुतण्याकडे, बाकीच्या भिंतीला टेकून. पेट्रोलसाठी कुणाच्याच अंदाजपत्रकात पैसा नव्हता. हे मी आधी तपासलंच नव्हतं. चूक माझी.

अव्वल म्हटलं त्या बाई तेव्हा उपप्रतिनिधी होत्या. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "पेट्रोल कोणत्या शीर्षाखाली बसतं?" मला माहीत नव्हतं. मग त्यांनी दोन कामं केली. राजधानीत न्यायमंत्री आणि अर्थमंत्री या दोघांना एका खोलीत आणलं. दोघांचं आपसात पटत नव्हतं, त्यामुळे याला चार महिने लागले. तुरुंगाचं धान्य आणि कोर्टाचं इंधन या दोन ओळी देशाच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात घालून घेतल्या. रक्कम क्षुल्लक होती, पण ओळ आली. दुसरं, प्रांतात दर गुरुवारी पोलीस, अभियोक्ता, तुरुंगाधिकारी आणि तो कारकून यांनी एका टेबलाशी बसायचं. हातात फक्त यादी, कोण किती दिवस आत आहे त्याची. आमचा माणूस कोपऱ्यात बसणार, तोंड उघडणार नाही. ही तोंड न उघडण्याची अट पाळणं सगळ्यात अवघड गेलं, मला तर फारच.

तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी एक नाव निघालं. सायकलचोरीचा आरोप, दीड वर्ष आत, कागद नाहीत. कागद सापडले एका हवालदाराच्या घरी माळ्यावर. पोलीस ठाण्याचं छप्पर गळतं म्हणून त्यानं ते जपून घरी नेले होते. म्हणजे दीड वर्षाच्या बेकायदा कोठडीचं कारण एका माणसाची नेकी! आरोपी सुटला. बाहेर आल्यावर त्यानं आभार वगैरे मानले नाहीत. विचारलं, "माझी सायकल कुठे आहे?" मुद्देमालाची नोंद कुणीच केलेली नव्हती.

तेव्हापासून नव्या देशात उतरलो की सरन्यायाधीशांची औपचारिक भेट उरकून मी शिरस्तेदाराला, म्हणजे कोर्टाचं दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाला, शोधायचो. त्याचं पद तिकडे वेगळ्या नावानं असतं, माणूस तोच असतो. रोजनामा कोण लिहितो, कशावर लिहितो, लिहिलेलं कुठे ठेवतो, हे कळलं की अर्धा देश कळतो.

उपप्रतिनिधीकडे या सगळ्यासाठी हुकमाचा अधिकार नसतो. यजमान देशाचा पोलीसप्रमुख त्याचं ऐकायला बांधील नाही. त्याच्याकडे थोडा पैसा, थोडी हेलिकॉप्टरं, सुरक्षा परिषदेच्या अहवालात एक परिच्छेद आणि स्वतःचा शब्द एवढंच असतं. हेलिकॉप्टरला कमी लेखू नका. पूर्व कांगोत फिरती न्यायालयं चालतात, म्हणजे न्यायाधीश, वकील, दप्तर सगळं उचलून गुन्हा घडला तिथे जायचं. रस्ता नसतो, म्हणून वाहतूक मोहिमेची. काव्हुमू गावातल्या लहान मुलींवरच्या अत्याचारांचा खटला असाच तिथेच लष्करी न्यायालयानं चालवला. पीडितांनी चेहरा झाकून, आवाज बदलून साक्षी दिल्या, आणि डिसेंबर २०१७ मध्ये एका प्रांतिक आमदारासह अकरा जणांना शिक्षा झाली. निकाल कांगोच्या न्यायाधीशांचा. मागे तपासाला तांत्रिक मदत, साक्षीदारांचं संरक्षण, वाहतूक असं बरंच काही बाहेरचं.

'नाही' म्हणणं हाही कामाचाच भाग. २०११ पासून संयुक्त राष्ट्रांचं धोरण आहे की ज्या दलाकडून गंभीर अत्याचार होण्याचा खरा धोका आहे त्याला मदत द्यायची नाही. कागदावर सोपं. प्रत्यक्षात तुमच्याच मोहिमेचा सेनापती म्हणतो, त्या तुकडीला इंधन दिलं नाही तर गाव आज रात्री पडेल; आणि तुमच्या टेबलावर त्याच तुकडीच्या कमांडरविरुद्धच्या जबान्या असतात. हा निर्णय सही करून घ्यावा लागतो. आपल्या वकिलांना आणखी एक गोष्ट जड जाते: फाशी देऊ शकणाऱ्या न्यायाधिकरणाला संयुक्त राष्ट्रं मदत करत नाहीत. कांगोनं मार्च २०२४ मध्ये फाशीवरची स्थगिती उठवली, तेव्हा तिथल्या न्याय विभागाच्या लोकांची झोप का उडाली असेल हे आपल्याकडच्या सरकारी वकिलाला चटकन कळत नाही.

आणि तुरुंग. याबद्दल मी थोडा हट्टी आहे. पोलिसांना देणगीदार मिळतात, गणवेश आणि जीप फोटोत छान दिसतात. न्यायालयाची इमारत बांधायला मिळते. तुरुंगावर कुणाला आपल्या नावाची पाटी नको असते. मग पोलीस कार्यक्षम होतात, जास्त अटका करतात, आणि ती माणसं जातात कुठे? किन्शासाचा मकाला तुरुंग दीड हजारांसाठी बांधलेला, आत जवळपास दहापट. सप्टेंबर २०२४ मध्ये पळून जाण्याच्या प्रयत्नात तिथे सरकारी आकड्यानुसार १२९ माणसं मेली. तुरुंगाचा विचार शेवटी करणारा उपप्रतिनिधी मी लायक मानत नाही.

वेळेचं गणित तर पार बिघडलेलं. मोहिमेला सुरक्षा परिषदेनं दिलेली मुदत बहुधा वर्षाची, अंदाजपत्रक जुलै ते जून. आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातलं विशेष फौजदारी न्यायालय बघा: कायदा २०१५ चा, पहिला निकाल ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस. सात वर्षं. तेवढ्या काळात अंदाजपत्रक समितीपुढे सात वेळा सांगायचं की हो, अजून निकाल नाही, पण काम चाललंय. शिवाय यजमान सरकार कधीही जा म्हणू शकतं. मालीनं जून २०२३ मध्ये सांगितलं आणि वर्षअखेरीला मोहीम बंद. म्हणून त्या अव्वल बाई प्रत्येक प्रस्तावावर विचारायच्या, आपण पुढच्या महिन्यात गेलो तर याचं काय उरेल? आम्ही वैतागायचो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. पोचता येतं का? सरळ अर्ज करून त्या खुर्चीवर नाही. ती नेमणूक महासचिव करतात, देश नावं सुचवतात, आणि कोण किती सैन्य, किती पैसा देतो, कोणत्या खंडाची, किती बायकांची नेमणूक झाली, असे अनेक हिशेब त्यात असतात. भारतीय माणूस वर गेलाच नाही असं नाही. किरण बेदी २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस सल्लागार झाल्या. २००७ मध्ये लायबेरियात गेलेली आपली महिला पोलीस तुकडी हे तर पहिलंच उदाहरण, पूर्ण महिलांची. पण पोलीस आणि सैन्य यात आपण पुढे, आणि न्याय-कारागृहाच्या बाजूला तुरळक. ती जागा रिकामी आहे असं मी म्हणेन.

तुमच्यासाठी रस्ता मधल्या पायऱ्यांचा आहे. एक म्हणजे सरकारनं प्रतिनियुक्तीवर पाठवलेले न्याय किंवा कारागृह अधिकारी. अशी मागणी देशांच्या न्यूयॉर्कमधल्या कायम प्रतिनिधींकडे येते. दुसरी, संकेतस्थळावर थेट अर्जाच्या जागा. बारा वर्षांच्या अनुभवावर तुम्ही पी-५ या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या श्रेणीपर्यंतचा विचार करू शकता, तिच्या वरच्या डी-१ ला सहसा पंधरा लागतात. तिसरी, माझ्यासारखी, स्वयंसेवकाची. पैसे कमी, शिक्षण उत्तम.

अडचण येईल ती दुसरीकडेच. या मोहिमा बहुतांशी फ्रेंच वळणाच्या कायद्याच्या देशांत झाल्या: कांगो, माली, हैती, मध्य आफ्रिका. तिथे अभियोक्ता हा न्यायाधीशांच्याच केडरमधला असतो, गंभीर गुन्ह्यात तपास न्यायाधीश स्वतः तपास करतो, आणि उलटतपासणीत साक्षीदाराला घोळवण्याचं आपलं कौशल्य तिथे उद्धटपणात जमा होतं. मी पहिल्या महिन्यात एका अभियोक्त्याला "तुमचा विरोधी पक्ष कोण?" असं विचारलं होतं. त्यानं माझ्याकडे ज्या दयेनं पाहिलं ती अजून आठवते.

अर्जात किती खटले चालवले आणि दोषसिद्धी किती, हे लिहू नका. ते सगळेच लिहितात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये तुमच्यासाठी तयार धडा आहे: पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, इतरांनी निम्मा, की काही अपवाद सोडून सुटकेचा अर्ज तुरुंग अधीक्षकानं स्वतःहून न्यायालयात करायचा. तुमच्या न्यायालयापुरती अशा कैद्यांची यादी कुणाकडे आहे? अधीक्षकाकडून अर्ज येतो का? आला तर शिरस्तेदाराच्या टेबलावर किती दिवस पडतो? सहा महिने एवढंच बघा, अधीक्षक, शिरस्तेदार आणि तुम्ही अशा तिघांना महिन्यातून एकदा एकत्र बसता आलं तर बसा, काय बदललं ते टिपून ठेवा. मुलाखतीत ते सांगितलंत तर समोरची मंडळी पुढे झुकून ऐकतील. मी त्या बाजूला बसलेलो आहे.

आणि फ्रेंच. आलियाँस फ्रान्सेझ न्यू मरीन लाइन्सला आहे, किल्ला कोर्टातून चालत जाता येतं. संध्याकाळच्या वर्गाची चौकशी करा. मी पस्तिसाव्या वर्षी सुरू केलं, आणि क्रियापदांच्या रूपांवर अजून अडखळतो.